माझ्याबद्दल सांगणारं माणूस

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. ठिकाण : दौंडचं एक मंगल कार्यालय. हजर : मी, माझी धाकटी जाऊ, मेंदूच्या अभ्यासासाठी पुण्याहून आलेल्या गटातल्या एक डॉक्टरबाई, प्रश्न विचारणारी एक मुलगी आणि रक्त घेणारा एक माणूस, दौंड तालुक्यातली आणखी काही मंडळी, प्रत्येकाबरोबर घरचं एकेक माणूस. गैरहजर : माझी मुलगी, कारण ती बेंगळुरूला असते.

नोकरीने मला अशी नोंद करायची सवय लावली. रांजणगावच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणता माल कुठल्या रॅकवर, कोणी नेला, परत कधी येणार, हे लिहिल्याशिवाय मला घरी जाववत नाही. घरीही तसंच आहे. फ्रिजच्या दारावर आठवड्याची कामं, त्याखाली सामान, त्याखाली कोणाला फोन करायचा ते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, यात ‘नवऱ्याशी बोलणे’ हेही टाक, म्हणजे राहणार नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगी शिकली, नोकरीला लागली, लांब गेली. शिरूरातल्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते. एकट्या बाईचं घर आवरायला वेळ लागत नाही. जिथे ठेवलं तिथेच सगळं असतं.

अभ्यासात नाव घालायचं कारण माझी आई. माझं माहेर वडगाव रासाईचं. आईला विस्मरणाचा आजार झाला तो आम्हाला फार उशिरा कळला. भाऊ म्हणायचा वय झालं, मी म्हणायचे एकटेपणामुळे असेल. ती शेवटी माझ्याकडे होती. मला ती कधी बहीण म्हणायची, कधी मास्तरीणबाई. गेल्यानंतर तिच्या दिवसांना गावी राहिले तेव्हा शेजारच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या की तुमची आई फार आधीपासून घर चुकत होती. नदीकडे निघायची, कोणीतरी हाताला धरून परत आणून सोडायचं. मी विचारलं, मग आम्हाला का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “कशाला तुमच्या जिवाला घोर.”

त्यानंतर कंपनीत वार्षिक तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी या अभ्यासाची माहिती दिली. खेड्यापाड्यातल्या माणसांचा मेंदू वयाबरोबर कसा बदलतो ते हे लोक बघतात. वर्षातून एकदा बोलावतात, प्रश्न विचारतात, रक्त घेतात, काहींना पुण्याला नेऊन मेंदूचे फोटो काढतात. पुन्हा पुढच्या वर्षी तेच. औषध देत नाहीत. यातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होईलच असं नाही, हे त्यांनी पहिल्या फोनवरच सांगितलं. मला ते बरं वाटलं. काय मिळणार नाही हे आधी सांगणारे लोक कमी असतात.

अट एकच अवघड होती. सोबत एक माणूस आणायचं. त्याने मला निदान दहा वर्षं ओळखलेलं असावं, आणि आताही आठवड्यातून एकदा तरी त्याची माझी प्रत्यक्ष गाठ पडत असावी. त्या माणसाला ते वेगळं बसवून विचारणार की या बाईत अलीकडे काही बदल दिसतो का.

शिरूरला त्यांचं शिबिर झालं तेव्हा मी एकटीच गेले. मला वाटलं, ही अट म्हाताऱ्यांसाठी असणार. प्रश्न विचारणारी मुलगी अगदी नम्रपणे बोलली, पण परत पाठवलं. “काकू, सोबतचं माणूस नसेल तर आमचा अर्धा अभ्यासच होत नाही. पुढचं शिबिर दौंडला आहे, तिथे या. त्यानंतर आम्ही इंदापूरकडे जाऊ.”

म्हणून मी माणूस शोधायला बसले. स्टोअरमध्ये एखादा पार्ट सापडत नसला की जसं बसते तसंच. मुलगी मला जन्मापासून ओळखते, पण भेट दिवाळीला. रविवारी व्हिडिओ कॉल होतो, त्यात मी गळ्यापर्यंत दिसते. भाऊ वडगावला, तो लग्नाकार्यात भेटतो. समोरच्या फ्लॅटमधली बाई रोज दिसते, पण ती परवा परवा राहायला आलेली. कंपनीत माझ्या हाताखाली एक गृहस्थ आहेत, कारेगावला राहतात, पंधरा वर्षं एका छताखाली काम केलं. त्यांना विचारलं तर ते गोंधळले. म्हणाले, “मॅडम, मी काय सांगणार? तुम्ही आमच्या चुका काढता, तेवढीच तुमची माहिती.” त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. पण ते खरं होतं. सोडून दिलं.

दहा वर्षं ओळखणारे बरेच निघाले. आठवड्याला भेटणारेही निघाले. दोन्हींत बसणारं दुसरं कोणी निघेना.

जाऊ मला सुचलीच नव्हती. ती कवठे येमाईला असते. दीर शेती बघतो, ती त्याच्यापेक्षा जास्त बघते. बाजाराच्या दिवशी ती शिरूरला येते, भाजी विकते, राहिलेलं माझ्याकडे आणून टाकते, चहा पिते, पाय धुते, चारची एसटी पकडून जाते. माझी पाळी अडीचला सुटते, तोवर वॉचमनकडून किल्ली घेऊन पिशव्या ठेवते आणि मी येईपर्यंत बसून राहते. हे इतकी वर्षं चाललंय की मी त्याला भेट असं कधी म्हटलंच नव्हतं. माझ्या हिशेबी ती पिशव्या ठेवायला यायची.

पुढच्या बाजाराला ती मेथी निवडत बसली होती तेव्हा मी विषय काढला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी तुमच्याबद्दल मी सांगायचं?”

“हो.”

“आन् तुमी तिथं नसायचं?”

“नाही. तुला वेगळं विचारणार.”

ती हसली. “मग यीन की. लगीन होऊन आले तवापास्नं तुमीच माझ्याबद्दल सांगत आलाय समद्यांना. आता माझी पाळी.”

गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. तिचा मात्र मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळी घट मांडून पूजा, बायकांना हळदीकुंकू. तरी ती पहिल्या गाडीने शिरूर स्टँडवर आली. नारळी काठाची नवी साडी, नथ, हातात पर्स. बाजाराला येते ती बाई ही नव्हेच. मी म्हटलं, अगं, दवाखान्यासारखं काम आहे. ती म्हणाली, असू द्या, चार माणसांत जायचंय. चौफुल्याच्या एसटीत गर्दी होती, न्हावऱ्याच्या पुढे तिला बसायला जागा मिळाली. भीमेच्या पुलावर तिने सवयीने हात जोडले. चौफुल्याला गाडी बदलली. पाटस गेलं तेव्हा तिने विचारलं, तिथं काय काय विचारत्यात? मी म्हटलं, मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. जे दिसतं ते सांग.

त्या दिवशी मुहूर्त नव्हता म्हणून अभ्यासवाल्यांना कार्यालय मिळालं होतं. आदल्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून दारावर होत्या. मधल्या हॉलमध्ये खुर्च्या, भिंतीशी वजनकाटा आणि रक्तदाब बघायचं यंत्र. आत दोन खोल्या. एकीवर ‘वरपक्ष’ लिहिलेलं, दुसरीवर ‘वधूपक्ष’. मला वरपक्षाच्या खोलीत डॉक्टरबाईंकडे पाठवलं. जाऊ प्रश्न विचारणाऱ्या मुलीबरोबर वधूपक्षाच्या खोलीत गेली. जाताना तिने पदर नीट केला.

चाचणीबद्दल फार लिहीत नाही, कारण पुढच्या वर्षी तीच द्यायची आहे. शब्द सांगतात, ते मध्ये दुसरं काही विचारून झाल्यावर परत म्हणायचे. घड्याळ काढायचं. उलटे आकडे. मी शब्द ऐकतानाच ते मनातल्या मनात रॅकवर लावत गेले, जड खाली, हलकं वर. नंतर एकेक उचलून दिला. प्राण्यांची नावं सांगा म्हणाल्या तेव्हा गोठ्यातले आधी संपवले, मग रानातले, मग पाण्यातले. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुम्ही काय काम करता? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, तरीच.

मला बरं वाटलं. परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं, या वयात ते वाटायला नको होतं.

मग त्या म्हणाल्या, “तुमच्यासारखी शिस्तीची माणसं आमच्या चाचण्यांमध्ये बरीच वर्षं चांगली टिकतात. युक्त्या असतात, चिठ्ठ्या असतात, सवयी असतात. काही कमी होत असलं तरी त्यांच्या मागे झाकलं जातं. तुमचं तसं आहे असं मी म्हणत नाही. पण म्हणूनच बाहेरून बघणारं माणूस आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं.”

मी मान हलवली. बाहेर येऊन खुर्चीवर बसले. शेजारी पाटसचे एक आबा त्यांच्या सुनेबरोबर बसले होते. सून त्यांना दटावत होती, तिथं मला विचारतील तेव्हा मी खरं सांगणार, मग घरी येऊन तोंड पाडून बसायचं नाही. आबा म्हणाले, “सांग की. तू कवा खोटं बोललीस?” सगळे हसले. मीही. त्या सुनेकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले असणार, कारण तिने मला विचारलं, काही पाहिजे का मावशी?

जाऊ बाहेर आली ती तोंडभर हसत. मागून मुलगी. “काकू, तुमच्या जाऊबाईंनी तुमचं फारच कौतुक केलं. मला एकही तक्रार मिळाली नाही.” मुलगी हसत होती, पण हातातल्या कागदांकडे बघून जरा हिरमुसल्यासारखी वाटली. मला माझी पुढच्या वर्षीची वेळ लिहून दिली, एक नंबर दिला आणि सांगितलं, काही सांगायचं राहिलं असं वाटलं तर फोन करा.

परतीला चौफुल्यावर शिरूरची गाडी लवकर मिळेना. आम्ही शेडमध्ये बसलो. तिने पर्समधून कागदात गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू काढला, अर्धा मला दिला. माझा उपास नव्हता, पण घेतला. मी विचारलं, तिने काय काय विचारलं?

“लई विचारलं. वस्तू ठिवून इसरत्यात का, त्येच त्येच बोलत्यात का, वाट चुकत्यात का. मी म्हणलं, न्हाई बाई, आमच्या आक्का एक नंबर. सैपाक उरकून नोकरीला जात्यात, घर आरशावानी, कुणाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई. सासूचं सगळं केलं, आईचं सगळं केलं. आवाज चढवून बोलनं न्हाई.”

मला हसू आलं. ती स्थळाच्या चौकशीला बसल्यासारखी बोलून आली होती. आमच्याकडे मुलगी बघायला येणारे गावात कोणाकोणाला विचारतात, आणि विचारलेलं प्रत्येक माणूस असंच बोलतं. मुलीला एका कानाने ऐकू येत नसेल तरी शांत आहे म्हणतात. तसं न बोलणाऱ्याला गावात कोणी भलं म्हणत नाही. त्यात मंगल कार्यालय, वधूपक्षाची खोली, लिहून घेणारी परकी मुलगी. मी म्हटलं, अगं, ती काही माझं लग्न जमवत नव्हती.

“त्ये मला कळत न्हाई व्हय,” ती म्हणाली. हसली नाही. “पन लिवून घेत व्हती ना ती. लिवून घेणाऱ्याफुडं घरच्या माणसाचं वंगाळ कुठं सांगत्यात?”

“वंगाळ म्हणजे? सांगण्यासारखं काही आहे का?”

तिने लाडवाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. एक गाडी आली, ती बारामतीची निघाली. लोक उठले आणि परत बसले.

“माझी आई उन्हाळ्यात गेली,” ती म्हणाली. “दहाव्याला तुमी व्हता.”

होते. घोड नदीच्या काठी विधी होता. कावळा शिवेना म्हणून तिच्या भावाने सगळ्यांदेखत हात जोडून बहिणींना सांभाळीन म्हणून कबूल केलं, तेव्हा शिवला. ऊन इतकं होतं की मी माझी छत्री तिच्या मावशीला दिली. हे सगळं मला स्पष्ट आठवत होतं, आत्ताही आठवतं.

“दिवाळीच्या आधी बाजारला आले, तवा तुमी इचारलं, आई कशी हाय गं, गुडघे दुखत्यात का अजून?”

मला ते आठवेना. मी आठवायचा प्रयत्न केला. ती आली असेल, पिशव्या ठेवल्या असतील, मी चहा टाकला असेल. बाकी काही हाताला लागलं नाही.

“तू काय म्हणालीस?”

“म्हणलं, बरी हाय.”

“असं का म्हणालीस?”

“मग काय म्हणू? तुमचं तोंड असं व्हतं की खरंच इचारताय.” ती पुढे म्हणाली, “त्याच्या फुडल्या बाजारलाबी इचारलं. तवा म्हणलं, आता न्हाई दुखत.”

मी आणखी विचारलं. तिला सांगायचं नव्हतं, मी खोदून विचारलं. चहा पिऊन झाल्यावर मी कधी कधी परत विचारते, चहा टाकू का. एकदा तिला माझ्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, तिने ओ दिली. मुलीला बढती मिळाल्याची बातमी तिला मी दर खेपेला नव्याने सांगते, आणि ती दर खेपेला नव्याने साखर तोंडात टाकते.

“इतके दिवस बोलली नाहीस.”

“तुमी बोलला असता मला?” तिने विचारलं.

गाडी आली. मागची जागा मिळाली, खिडकीशी ती आणि कडेला मी. रस्ता खराब होता, बोलता येण्यासारखं नव्हतं. मी तिला एवढंच म्हटलं की हे तुला त्या मुलीला सांगावं लागेल. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत म्हणाली, मी न्हाई सांगायची.

शिरूरला उतरल्यावर कवठ्याची गाडी लागलेलीच होती. तिला पूजेची घाई. संध्याकाळी तिच्याकडे आळीतल्या बायका येणार होत्या. मला हळदीकुंकवाला बोलवायचं नसतं, हे दोघींना माहीत असल्यामुळे त्यावर कोणी काही बोललं नाही. ती गाडीत चढली. मी घरी आले, दार उघडलं, चप्पल जागेवर ठेवली. मग बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिले आणि काय काय कुठे आहे ते बघत राहिले. सगळं जागेवर होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या मुलीला फोन केला. सांगितलं की माझ्या जाऊने दिलेली उत्तरं खरी नाहीत, तिने मला चांगलं म्हणायचं म्हणून दिली. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, असं बऱ्याचदा होतं. फोनवर परत विचारता येईल, पण बोलायचं त्यांनीच, आणि त्या वेळी तुम्ही जवळ नको. तुम्ही सांगितलेलं आम्हाला त्यांच्या नावाने लिहिता येणार नाही. इंदापूरचं काम संपेपर्यंत मुदत आहे. नाहीतर आत्ता जे लिहिलंय तेच तुमची सुरुवात म्हणून धरलं जाईल आणि पुढची सगळी वर्षं त्याच्याशी ताडून बघितली जातील. “आणि काकू,” ती म्हणाली, “त्या वेगळं काही बोलल्या तर डॉक्टर तुम्हाला लवकर बोलावतील. तेही बरंच नाही का?”

बरंच आहे. मी हो म्हटलं. माझ्या आईची सुरुवात कोणी लिहून ठेवली नव्हती.

रविवारी मुलीचा कॉल आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मी तुला तेच तेच सांगते का गं? ती कॅमेऱ्यात न बघता काहीतरी टाइप करत होती. म्हणाली, “आई, सगळ्यांच्याच आया सांगतात.” मग बघून म्हणाली, “का? काय झालं?” मी म्हटलं, काही नाही, असंच. तिने सांगितलं की तू काय विसरणार, तू तर माझ्या तिकिटाचा पीएनआरसुद्धा पाठ करतेस. तिला कोणाची तरी हाक आली. मी म्हटलं, जा तू.

समोरच्या बाईला विचारायचं मनात आलं होतं. पण तिच्याशी माझं बोलणं पाणी आलं का आणि कचऱ्याची गाडी गेली का एवढंच. त्यात मी काही विसरत असले तरी तिला कसं कळणार? कंपनीत तर माझं सगळं लिहिलेलं असतं. मी नसले तरी स्टोअर चालेल असंच मी ते लावून ठेवलेलं आहे. सगळा विचार करून झाल्यावर परत तिथेच आले. मला बघणारं एकच माणूस होतं, आणि ते चारच्या एसटीने जात होतं.

पुढच्या बाजाराला ती बसलीच नाही. पिशव्या ठेवल्या, दारातूनच म्हणाली, कांद्याची गाडी भरायची हाय. चहा नको म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला अडवलं नाही. गेल्यावर तिच्या पिशवीत बघितलं तर मेथी, वाल, दोन मुळे. मुळा मला आवडत नाही हे तिला माहीत आहे. मग वाटलं, कदाचित मीच कधी मागितला असेल.

त्याच्या पुढच्या बाजाराला ती आली, पाय धुतले, भिंतीला टेकून बसली. चहा झाला. मी परत विचारू नये म्हणून कप लगेच विसळून पालथे घातले. तिने ते बघितलं.

“आक्का,” ती म्हणाली, “एकदा कागदावर गेलं की मग त्ये लोकांचं व्हतं. उद्या पोरगी येऊन तुमाला बेंगळूरला न्हील. न्हाईतर कुठं ठिवतील. मग मी बाजारला येऊन कुठं बसू? स्टँडवर?”

मी याचा विचार केला नव्हता. ती माझं सांभाळून घेते एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी तिला समजावलं की कोणी मला कुठे ठेवणार नाही, हा अभ्यास आहे, आणि मी आत्ता ठीक आहे, म्हणूनच आत्ता सांगायचं आहे. ती ऐकत होती. पायाच्या अंगठ्याने फरशीवर काहीतरी रेघोट्या ओढत होती. मला वाटतं मी जरा स्टोअरमधल्यासारखी बोलले, मुद्दे पाडून. ते झाल्यावर तिने अंगठा थांबवला.

“लावा मग फोन,” ती म्हणाली. “पन तुमी गॅलरीत जावा. तुमच्या तोंडावर मी न्हाई बोलायची.”

तिचा स्वतःचा फोन नाही, घरचा दिराजवळ असतो. मी माझा दिला. नंबर काढून ठेवला, हिरवं बटण दाखवलं. तिकडून मुलगी बोलेल, तिला फक्त सांग की मी अमुक बाईंची जाऊ, बाकी ती विचारेल. ती म्हणाली, व्हय, व्हय, कळतं मला.

मी गॅलरीत गेले आणि सरकतं दार लावून घेतलं. खाली बाजार उठत होता. उरलेला कोबी लोक स्वस्तात घेत होते, एक ट्रॅक्टर मागे घेता येईना म्हणून दोघं ओरडत होते. मी कपड्यांच्या दोरीवरचे चिमटे एका बाजूला सरकवले. आतला आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी पाठ करून उभी होते. पण आतून आवाज येतच नव्हता. मग मी वळून बघितलं.

ती तशीच बसली होती. फोन तिच्या मांडीवर होता, पडदा काळा झाला होता. तिने एकदा बोट लावलं, उजेड पडला, तिने तोंडाशी नेला आणि परत खाली ठेवला. मला वाटलं तिला बटण सापडत नसेल, जाऊन दाखवावं. दाराच्या कडीवर हातही ठेवला. पण सरकवलं नाही. काचेतून तिला मी दिसत होते, मला ती दिसत होती. तिने मान हलवली नाही आणि मीही नाही.

बराच वेळ आम्ही तशाच होतो. मग ती उठली, फोन टेबलावर उपडा ठेवला, रिकाम्या पिशव्यांची घडी घातली. दार तिनेच सरकवलं आणि म्हणाली, “चारची निघंल. मी येते.”

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. ती दोन पायऱ्या उतरून थांबली, म्हणाली, फुडल्या बाजारला बघू. मी हो म्हटलं. इंदापूरचं काम अजून चालू आहे, मी विचारून घेतलं आहे. फोन अजून झालेला नाही.